डिजिटोनिन: स्वस्त बाटली की शुद्ध? यीस्टच्या एटीपी सिंथेसवर घेतलेली पारख

डिजिटोनिन, म्हणजे पेशीचा पडदा विरघळवणारा एक डिटर्जंट, मागवताना आधी ग्रॅममागचा भाव बघितला जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. एकाच नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकीच्या लेबलावर शुद्धता ‘सुमारे ५० टक्के’ अशी बारीक अक्षरात असते. दुसरी ‘हाय प्युरिटी’ म्हणून विकली जाते आणि तिचा भाव कित्येक पट असतो. यीस्टच्या मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतून, एटीपी सिंथेस हे पेशीचं इंधन (एटीपी) बनवणारं एन्झाइम जोडीनं, म्हणजे डायमर म्हणून बाहेर काढायचं असेल, तर या दोन बाटल्यांतला फरक जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या पातळ थरावर, उघड दिसतो. हे परीक्षण तेवढ्या एका कामापुरतं आहे. पेशीच्या पडद्याला नुसती भोकं पाडायची असतील तर स्वस्त बाटली खुशाल घ्यावी.

वस्तू काय आहे ते आधी. डिजिटॅलिस पर्प्युरिया या झाडाच्या बियांतून काढलेलं हे सॅपोनिन. रिठ्याला फेस येतो तो ज्या कुळातल्या पदार्थांमुळे, त्याच कुळातलं. रेणूच्या एका टोकाला स्टेरॉइडचा सांगाडा, दुसऱ्या टोकाला पाच साखरांची साखळी, रेणुभार १२२९. हृदयाच्या औषधात वापरतात त्या डिजिटॉक्सिनशी याची गल्लत करू नये. झाड तेच, पदार्थ वेगळा. स्टेरॉलला घट्ट धरून बसणं हा याचा स्वभाव. विंडाउसनं १९०९ साली कोलेस्टेरॉल साक्यात बसवून वेगळं काढलं ते याच गुणावर. यीस्टच्या पडद्यांत कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असतं, पण डिजिटोनिनला तेही चालतं. पूड हाताळताना मास्क आणि हातमोजे घालावेत. पोटात किंवा श्वासात गेलेलं डिजिटोनिन विषारी आहे.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते एन्झाइम. बेकर्स यीस्टचं एटीपी सिंथेस म्हणजे सुमारे ६०० किलोडाल्टनचं यंत्र. त्याचे दोन भाग. मायटोकाँड्रियाच्या आतल्या पोकळीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, लोंबणारा गोळा म्हणजे एफ१: तीन अल्फा, तीन बीटा, आणि मधोमध गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन यांचा दांडा. पडद्यात रुतलेला भाग म्हणजे एफओ. हा ‘ओ’ ऑलिगोमायसिनचा, म्हणजे हाच भाग अडवणाऱ्या प्रतिजैविकाचा आहे, शून्य नव्हे. छापील पुस्तकांतसुद्धा पुष्कळदा शून्यच दिसतं. एफओमध्ये सी या उपघटकाच्या दहा प्रतींचं कडं असतं आणि त्याला खेटून ए हा उपघटक. आतल्या पडद्याबाहेर साठलेला प्रोटॉन ए-मधल्या अर्ध्या वाटेनं आत शिरतो, कड्यातल्या एका सी-वर बसतो, कड्याबरोबर जवळजवळ पूर्ण फेरी मारतो आणि दुसऱ्या अर्ध्या वाटेनं मॅट्रिक्समध्ये उतरतो. कडं फिरलं की दांडा फिरतो, आणि दांड्याच्या वाकड्या अंगामुळे तिन्ही बीटा आळीपाळीनं उघडतात, मिटतात, एटीपी घडवतात. कडं आणि दांडा फिरत असताना गोळा जागच्या जागी राहायला हवा. ते काम बाजूच्या दांडीचं, म्हणजे बी, डी, एच आणि ओएससीपी यांचं.

एका पूर्ण फेरीत तीन एटीपी तयार होतात आणि दहा प्रोटॉन खर्ची पडतात, म्हणजे एका एटीपीमागे ३.३. गाईच्या हृदयातल्या एन्झाइमच्या कड्यात सी आठच असतात, त्यामुळे तिथे हा खर्च २.७ वर येतो. यीस्टच्या कड्यात दहा सी आहेत हे १९९९ साली स्टॉक, लेस्ली आणि वॉकर यांच्या स्फटिकरचनेतून दिसलं. वॉकर आणि बॉयर यांना याच एन्झाइमवरच्या कामासाठी १९९७ चं नोबेल मिळालेलं होतं.

डिजिटोनिनची खरी कसोटी मात्र याच्या पुढची आहे. मायटोकाँड्रियात हे यंत्र एकटं राहत नाही. दोन यंत्रं एफओच्या बाजूनं एकमेकांना चिकटून इंग्रजी व्ही अक्षरासारखी उभी राहतात, यीस्टमध्ये साधारण ८६ अंशांच्या कोनात. अशा जोड्यांच्या रांगा क्रिस्टीच्या, म्हणजे आतल्या पडद्याच्या घड्यांच्या, धारेवर लागलेल्या असतात आणि पडदा तिथे वाकतो तो त्यांच्यामुळेच. ही जोडी टिकवण्यात ई आणि जी हे दोन छोटे उपघटक महत्त्वाचे. ई-चा जीन टिम११, ज्याला एटीपी२१ असंही म्हणतात, आणि जी-चा एटीपी२०. यातला एक जरी काढला तरी एटीपी बनत राहतं, पण डिटर्जंटमध्ये जोडी टिकत नाही आणि क्रिस्टीच्या जागी कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलयं दिसू लागतात. थोडक्यात, जोडीचा सांधा नाजूक असतो आणि बराचसा पडद्यातल्या लिपिडच्या भरवशावर उभा असतो. जो डिटर्जंट पडदा विरघळवेल पण त्या सांध्याला धक्का लावणार नाही, तोच इथे कामाचा.

डोडेसिल माल्टोसाइड, लॅबच्या भाषेत डीडीएम, पाण्यात झटकन विरघळतो, शुद्ध मिळतो, लॉटमागे बदलत नाही. एन्झाइम एकेकटं शुद्ध करायला उत्तमच. पण नेहमीच्या मात्रेत तो जोड्या फोडतो आणि जेलवर जवळजवळ सगळं मोनोमरच्या, म्हणजे एकट्या यंत्राच्या, पट्टीत जमा होतं. ट्रायटन एक्स-१०० अगदी कमी मात्रेत वापरून जोड्या दाखवता येतात. यीस्टच्या डायमरचं १९९८ सालचं पहिलं काम तसंच झालं. पण त्याच्या मात्रेची मर्यादा अरुंद: मात्रा जरा वाढली की जोडी फुटते. डिजिटोनिनला इथे बरंच मोकळं अंगण मिळतं. म्हणून एवढ्या कटकटी असूनही तो टिकून आहे.

कटकट पहिली: मात्रा. इथे डिटर्जंटचे टक्के दुय्यम असतात. बघायचं ते एक ग्रॅम प्रथिनामागे किती ग्रॅम डिटर्जंट पडतं. समजा २०० मायक्रोग्रॅम मायटोकाँड्रियल प्रथिन आहे आणि गुणोत्तर २ हवं आहे. लागलं ४०० मायक्रोग्रॅम डिजिटोनिन. १० टक्के द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे ४ मायक्रोलिटर पुरे. हिशेब सोपा वाटतो. पण बाटली ५० टक्के शुद्ध असेल तर या चार मायक्रोलिटरमध्ये खरं डिजिटोनिन २०० मायक्रोग्रॅमच, आणि खरं गुणोत्तर १. उरलेला अर्धा भाग निरुपद्रवी मातीही नाही. त्यात त्याच झाडातली भावंडं सॅपोनिनं असतात आणि तीही पडद्यावर आपापल्या परीनं काम करतात. म्हणून ‘आम्ही २ वापरलं’ या वाक्याला बाटलीची शुद्धता सांगितल्याशिवाय अर्थ नसतो. दोन लॅबच्या जेलवर डायमरचं प्रमाण जुळत नाही, तेव्हा आधी बाटल्यांची लेबलं शेजारी ठेवून बघावीत.

बाटली कोणतीही असो, नवा लॉट आला की मालिका लावावी. एकाच मायटोकाँड्रियाच्या पाच नळ्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम, आणि १० टक्के द्रावणातून १.५, २, ३, ४ आणि ६ मायक्रोलिटर. म्हणजे गुणोत्तर ०.७५, १, १.५, २ आणि ३. खालच्या टोकाला जोड्यांच्याही जोड्या, म्हणजे ऑलिगोमर दिसतात, पण बरंच एन्झाइम गाळात राहतं. वरच्या टोकाला सगळं विरघळतं, पण मोनोमर वाढत जातो. मधल्या भागात डायमरची पट्टी ठळक आणि गाळ कमी असा टप्पा सापडतो. शुद्ध बाटलीत तो बहुधा १.५ ते २ च्या आसपास येतो. गाळ फेकू नये. त्याचाही वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीनं प्रथिन ओळखायची चाचणी) करावा. विरघळलेल्या भागात डायमर ९० टक्के दिसला आणि निम्मं एन्झाइम गाळातच बसलेलं असलं, तर त्या ९० ला काही किंमत नाही.

कटकट दुसरी: विरघळवणं. डिजिटोनिन थंड पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं, पण ती फसगत आहे. २५ मिलिग्रॅम पूड दीड मिलिच्या नळीत घ्यायची, २५० मायक्रोलिटर पाणी घालायचं, ९५ अंशांच्या हीट ब्लॉकवर पाच ते दहा मिनिटं ठेवायची आणि मधून मधून हलवायची. पाणी काचेसारखं स्वच्छ झालं पाहिजे. झाकणाला क्लिप लावावी, नाहीतर ते उडतं आणि पाणी वाफेनं जाऊन टक्केवारी बदलते. खोलीच्या तापमानाला येऊ दिलं की लगेच वापरायचं. बर्फात ठेवलं, किंवा रात्रभर राहिलं, की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून त्यातूनच ४ मायक्रोलिटर उचलले जातात आणि त्या ‘१० टक्के’ द्रावणात प्रत्यक्षात किती डिजिटोनिन उरलंय ते कुणालाच कळत नाही. उणे २० वर छोटे भाग करून ठेवता येतात, पण बाहेर काढल्यावर पुन्हा ९५ अंशांवर तापवणं चुकवू नये. स्वस्त बाटलीत तर कधीकधी तापवूनही गढूळपणा जात नाही. ते द्रावण फिरवून गाळ काढलं तर टक्केवारी आणखी खाली गेली, हे धरून चालावं.

तिसरी अडचण डिजिटोनिनची नाही, पण तिचा दोष त्याच्याच माथी येतो: प्रथिनाची मोजणी. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत. मायटोकाँड्रिया काढताना होमोजिनायझेशनच्या बफरमध्ये ०.२ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घालण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण शेवटची धुलाई बीएसए नसलेल्या बफरनं केली नाही, तर ब्रॅडफर्ड ही प्रथिन मोजायची रंगचाचणी त्या बीएसएलाही मायटोकाँड्रिया म्हणून मोजते. मग कागदावर २०० मायक्रोग्रॅम, नळीत १३०, आणि गुणोत्तर २ ऐवजी ३.

बाकी तयारी थोडक्यात, कारण ती सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. यीस्ट ग्लुकोजवर वाढवू नये. ग्लुकोज असलं की मायटोकाँड्रिया मंदावतात. ग्लिसरॉल किंवा लॅक्टेट, ३० अंश, वाढ जोमात असतानाच पेशी गोळा कराव्यात. पेशीची भिंत सैल करायला १० मिलिमोलर डीटीटी असलेलं ट्रिस बफर, पीएच ९.४, वीस मिनिटं. नंतर १.२ मोलर सॉर्बिटॉलमध्ये झायमोलेज २०टी हे भिंत पचवणारं एन्झाइम, ओल्या पेशींच्या ग्रॅममागे ३ ते ५ मिलिग्रॅम, साधारण अर्धा ते पाऊण तास. भिंत गेली की नाही ते बघायला थोडे थेंब साध्या पाण्यात टाकावेत: पेशी फुटतात आणि ६०० नॅनोमीटरवरचं वाचन सुरुवातीच्या १० ते २० टक्क्यांवर घसरतं. तेवढं घसरलं की थांबावं. नंतरचा वेळ फक्त प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएजना मिळतो. डाउन्स होमोजिनायझरमध्ये प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ अगदी आयत्या वेळी घालावं, पाण्यात ते टिकत नाही. १,५०० जी-वर मोडतोड खाली, १२,००० जी-वर मायटोकाँड्रिया. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८०. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नये.

विरघळवणीसाठी ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ५० मिलिमोलर इमिडाझोल, २ मिलिमोलर अमिनोकॅप्रोइक आम्ल, १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम टाळलेलं बरं, कारण पुढे घालायचा कूमॅसी हा निळा रंग त्यांच्यामुळे साकळतो. एकूण आकारमान ४० मायक्रोलिटर, बर्फावर अर्धा तास, मग शक्य असेल तर १,००,००० जी, नाहीतर २०,००० जी-वर वीस मिनिटं. वरचं द्रावण घेऊन त्यात कूमॅसी जी-२५० चं ५ टक्के द्रावण घालायचं. डिटर्जंटच्या एक अष्टमांश रंग, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅमला १ मायक्रोलिटर. ३ ते १२ टक्के ग्रेडियंट जेल, चार अंशांच्या खोलीत. वरच्या बफरमध्ये सुरुवातीला ०.०२ टक्के रंग ठेवायचा आणि एक तृतीयांश अंतर कापल्यावर दहापट फिका बफर भरायचा, नाहीतर पुढचा पांढरा डाग निळ्यात बुडून जातो.

तो पांढरा डाग हीच बाटलीची खरी परीक्षा. पडद्याबाहेर काढलेल्या एन्झाइमला प्रोटॉनचा दाब मिळत नाही, म्हणून ते उलटं फिरतं: एटीपी तोडतं आणि फॉस्फेट सोडतं. जेलमध्ये शिसं असेल तर फॉस्फेट तिथल्या तिथे लेड फॉस्फेट बनून पांढरं उमटतं. ३५ मिलिमोलर ट्रिस, २७० मिलिमोलर ग्लायसीन, १४ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ०.२ टक्के लेड नायट्रेट, ८ मिलिमोलर एटीपी, पीएच ८ च्या आसपास. शिसं आणि सल्फेट एकत्र आले की द्रावण गढूळ होतंच. गाळून घ्यावं, घाबरू नये. अर्ध्या तासापासून रात्रभरापर्यंत कधीही पट्ट्या उमटतात. काळ्या कागदावर ठेवून फोटो काढावा. थांबवायला ५० टक्के मिथेनॉल. सवयीनं अॅसेटिक आम्लाचं डिस्टेन ओतलं तर पट्ट्या डोळ्यांदेखत विरघळून जातात. वापरलेलं सगळं शिशाचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, सिंकमध्ये नाही.

नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्या जेलवर चालवून त्या जेलला मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ऑलिगोमायसिन द्यावं, आधीच्या भिजवणीतही आणि रंगवणीतही. तिथे जी पट्टी मावळते ती सिंथेसची, आणि तिचा एफओ शाबूत आहे. यासाठी ऑलिगोमायसिनचं ए, बी, सी असं मिश्रण पुरतं. शुद्ध ए-साठी जादा पैसे घालवायचं कारण नाही. तो पैसा डिजिटोनिनवर लावावा.

पट्ट्या वाचताना तीन ठिकाणी नजर हवी: दहा लाख डाल्टनच्या वर डायमर, ६०० किलोडाल्टनपाशी मोनोमर, आणि ३७० च्या आसपास सुटा एफ१. यीस्टमध्ये श्वसनसाखळीतलं कॉम्प्लेक्स एक नसतं, त्यामुळे वरचा भाग जनावरांच्या मायटोकाँड्रियापेक्षा मोकळा दिसतो. पण कॉम्प्लेक्स तीन आणि चारचं एकत्र गाठोडं दहा लाखांपाशीच धावतं, म्हणून नुसत्या निळ्या पट्टीवरून डायमर घोषित करू नये. पांढरा डाग बघावा. डायमर कमी, मोनोमर भरपूर, सुटा एफ१ नाही: डिजिटोनिन जास्त पडलं, बहुधा मोजणी चुकली. मोनोमरही फिका आणि ३७० वर ठळक पट्टी, तीही ऑलिगोमायसिनला दाद न देणारी: डिजिटोनिनला दोष देऊ नका. एकतर नळी दोनदा गोठली, नाहीतर पेशींनी मायटोकाँड्रियल डीएनए गमावला. एफओचे ए, ८ आणि सी हे उपघटक त्या डीएनएवरच लिहिलेले असतात. तो गेला की एफ१ बनतं, पण त्याला बसायला जागा नसते. ग्लिसरॉलच्या प्लेटवर पेशी पसरून बघावं. बीवाय४७४१ जातीचे यीस्ट या बाबतीत विशेष हळवे. विहिरीच्या, म्हणजे नमुना ओतायच्या जेलमधल्या खाचेच्या, तळाशीच निळा ढीग आणि खाली ओघळ: फिरवणी अपुरी झाली किंवा डिजिटोनिन द्रावणातून खाली बसलं होतं.

या सगळ्या कसोट्यांवर ५० टक्क्यांची बाटली नापास म्हणवत नाही. मालिका लावली, लॉट क्रमांक वहीत लिहिला आणि तोच लॉट शेवटपर्यंत पुरवला, तर तिच्यातूनही नीट डायमर निघतो. पण लॉट संपला की सगळं पहिल्यापासून, आणि एटीपी२० काढलेल्या यीस्टची मूळ यीस्टशी तुलना मधल्या लॉटबदलात सापडली तर ते आकडे एका तक्त्यात बसवता येत नाहीत. शुद्ध बाटलीत ही डोकेदुखी बरीच कमी असते. तिसरा पर्याय जीडीएन, म्हणजे ग्लायको-डायोस्जेनिन: कृत्रिम, पाण्यात सहज विरघळणारं, डिजिटोनिनच्याच घडणीचं. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी एन्झाइम शुद्ध करणाऱ्यांनी ते जरूर बघावं. नुसत्या जेलसाठी मात्र त्याची किंमत परवडत नाही, आणि डिजिटोनिनवरची जुनी गुणोत्तरं त्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

शुद्ध बाटली महाग वाटते ती एक ग्रॅमचा भाव बघितल्यामुळे. २५ मिलिग्रॅमच्या एका ताज्या द्रावणात, नमुन्यामागे ४ मायक्रोलिटर धरले तर, ६२ नमुने होतात. दहा विहिरींच्या जेलला तेवढे लागतही नाहीत. २५० मिलिग्रॅमच्या छोट्या बाटलीत अशी दहा द्रावणं बसतात. तीच मागवावी, आणि मागवताना पुरवठादाराकडून त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र आधी ईमेलवर मागून घ्यावं.